सरोगसीचा कायदा : करार कोणाचा, कूस कोणाची?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तीन माणसे आमच्या भेटीला आली. लग्नाला अकरा वर्षे झालेले एक दांपत्य, आणि त्यांच्यासोबत त्या गृहस्थांच्या धाकट्या भावाची पत्नी. दांपत्याच्या हाती जाड फाईल होती. तपासण्यांचे अहवाल, दोन शस्त्रक्रियांचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, बिले असे सारे त्यात क्रमवार लावलेले होते. आजारपणात पत्नीची गर्भपिशवी काढावी लागली होती. बीजांडकोश मात्र शाबूत होते. डॉक्टरांनी सरोगसीचा मार्ग सुचविला होता आणि धाकट्या जावेने मूल पोटात वाढविण्यास होकार दिला होता. गृहस्थांचा प्रश्न सरळ होता. "फादर, आता सरकारनेच कायदा केला आहे. पैशांचा व्यवहार नाही, बाहेरचे कोणी नाही, सगळी घरचीच माणसे. मग आपल्या धर्मात अडचण कसली?"

तासभर आम्ही बोललो. ख्रिस्तसभेची शिकवण समजावून सांगितली, त्यांचे दुःख ऐकून घेतले, शेवटी तिघांसाठी प्रार्थना केली. ती माणसे निघून गेल्यावर आमच्या ध्यानात आले, की त्या तासाभरात धाकटी जाऊ एकदाही बोलली नव्हती. तिला कोणी काही विचारलेच नव्हते. आम्हीही नाही. (ही हकीकत तिघांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून येथे देत आहोत.)

त्यानंतर आम्ही हा कायदा मुळातून वाचून काढला. या विषयावर आपल्या धर्मग्रामांत दोन तऱ्हेची मते कानी पडतात. कायद्याने परवानगी दिली म्हणजे प्रश्न मिटला, असे काहींना वाटते. चर्च सगळ्यालाच नाही म्हणते, तेव्हा कायदा वाचून उपयोग काय, असे इतर काही म्हणतात. दोन्ही मते कायदा न वाचता बनलेली आहेत. म्हणून प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू.

आज भारतात जिला मान्यता आहे त्या सरोगसीत पत्नीचे स्त्रीबीज आणि पतीचे पुरुषबीज यांचा संयोग प्रयोगशाळेत घडवून आणला जातो. तयार झालेला भ्रूण दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात ठेवला जातो. ती स्त्री नऊ महिने गर्भ वाढविते, बाळंत होते आणि मूल त्या दांपत्याच्या स्वाधीन करते. तिचे स्वतःचे बीज वापरण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे. म्हणजे अनुवंशाच्या दृष्टीने ते मूल तिचे नसते. पण त्याचा पहिला श्वास सुरू होईपर्यंत त्याला लागणारा प्राणवायू, अन्न आणि ऊब हे सारे तिच्याच देहातून गेलेले असते. वृत्तपत्रे अशा स्त्रीला 'भाडोत्री आई' म्हणत आली. तो शब्द आम्ही वापरणार नाही. भाडे घराचे असते.

हे तंत्र आपल्याला परके नाही. शासकीय पातळीवर नोंद झालेले भारतातील पहिले परीक्षानलिका बालक ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्माला आले. पुढे हेच तंत्र सरोगसीसाठी वापरले जाऊ लागले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी भारत हा त्याचा जागतिक बाजार बनला. गुजरातेतील आणंद, त्याचप्रमाणे मुंबई, दिल्ली, हैदराबाद येथील दवाखान्यांत युरोप, अमेरिका, जपान, इस्रायल येथून दांपत्ये येऊ लागली. पाश्चात्त्य देशांच्या मानाने येथे खर्च अगदी थोडा होता, आणि तयार होणाऱ्या स्त्रिया गरीब होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, परंतु त्या बंधनकारक नव्हत्या. कायद्याच्या विधी आयोगाने ऑगस्ट २००९ मध्ये सादर केलेल्या २२८ व्या अहवालात हा पंचवीस हजार कोटी रुपयांचा व्यवसाय असल्याचे नमूद करून, व्यावसायिक सरोगसीवर बंदी घालावी व परोपकारी सरोगसीला मुभा द्यावी अशी शिफारस केली. आजच्या कायद्याचे बीज तेथे आहे.

त्याआधीच्या वर्षी एका घटनेने सर्वांचे डोळे उघडले होते. एका जपानी दांपत्याने आणंद येथे सरोगसीचा करार केला. स्त्रीबीज तिसऱ्याच, अज्ञात स्त्रीचे होते. बालिका जन्मण्यापूर्वीच पतिपत्नींचा घटस्फोट झाला आणि पत्नीने तिच्याशी आपला काही संबंध नाही असे सांगितले. २५ जुलै २००८ रोजी मूल जन्मले तेव्हा बीज देणारी, गर्भ वाढविणारी आणि करारावर सही करणारी अशा तीन स्त्रिया कागदोपत्री होत्या. परंतु आई एकही नव्हती. भारतीय पारपत्र मिळेना, जपानी मिळेना. जपानहून आलेली वृद्ध आजी त्या तान्हुलीला घेऊन येथे अडकून पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि काही महिन्यांनी आजी नातीला घेऊन मायदेशी परतू शकली. या घटनेचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत, कारण आजच्या कायद्यातील काही कठोर वाटणाऱ्या तरतुदींचे मूळ अशा प्रसंगांत आहे. आपल्यापैकी अनेकांनी 'मला आई व्हायचंय' हा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारा मराठी चित्रपट पाहिला असेल. तो २०११ साली पडद्यावर आला तेव्हा परदेशी जोडप्यांसाठी मूल वाढविणाऱ्या स्त्रिया ही कविकल्पना नव्हती.

परदेशी नागरिकांसाठी हा मार्ग नोव्हेंबर २०१५ मध्ये बंद झाला. त्यानंतर २०१६ आणि २०१९ अशी दोन विधेयके आली, संसदेच्या समित्यांनी ती तपासली आणि अखेर डिसेंबर २०२१ मध्ये सरोगसी (विनियमन) अधिनियम संमत झाला. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली तो दिवस योगायोगाने २५ डिसेंबर, नाताळचा होता. २५ जानेवारी २०२२ पासून कायदा अंमलात आहे.

कायदा काय म्हणतो?

कायद्याचा कणा एका वाक्यात सांगता येतो. पैसे देऊन सरोगसी हा गुन्हा आहे. परोपकारबुद्धीने केलेल्या सरोगसीला अटींसह मुभा आहे. सरोगेट मातेला वैद्यकीय खर्च, नियमांत ठरवून दिलेले इतर खर्च आणि विमा यांखेरीज कोणताही मोबदला देता येत नाही. विमा ३६ महिन्यांचा असावा लागतो आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीचाही त्यात समावेश असतो. व्यावसायिक सरोगसी चालविणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे देऊन मूल मिळवू पाहणाऱ्या दांपत्यालाही पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास व पाच लाखांपर्यंत दंड आहे. पैसा एका हाताने देता येत नाही, तो घेणाराच तेवढा दोषी नसतो, हे कायद्याने ओळखले. हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

सरोगेट माता विवाहित अथवा विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली आणि भ्रूणरोपणाच्या दिवशी २५ ते ३५ वर्षे वयाची असली पाहिजे. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते, आणि त्यासाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतात. ती शारीरिक व मानसिक दृष्ट्या योग्य असल्याचे प्रमाणपत्र लागते. दांपत्य भारतीय, विवाहित आणि सहसा निरपत्य असावे; पत्नीचे वय २३ ते ५०, पतीचे २६ ते ५५ असावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा येण्यापूर्वीच ज्यांनी भ्रूण गोठवून ठेवले होते त्यांना ही वयोमर्यादा लागू करता येणार नाही असा निर्णय दिला. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीस ३५ ते ४५ या वयात हा मार्ग खुला आहे, अविवाहितांना नाही.

यासाठी जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून मुलाचे पालकत्व व ताबा यांविषयीचा आदेश आधीच घ्यावा लागतो. मूल जन्मले की तोच आदेश जन्माच्या प्रतिज्ञापत्राचे काम करतो. मूल दांपत्याचे औरस अपत्य मानले जाते. ते मुलगी आहे, अपंग आहे, जुळे आहे अशा कोणत्याही कारणाने ते टाकून देता येत नाही. लिंगनिवडीला बंदी आहे. आणि सरोगेट मातेच्या लेखी संमतीवाचून, तसेच समुचित प्राधिकाऱ्याच्या परवानगीवाचून, कोणीही तिच्यावर गर्भपात लादू शकत नाही.

२००८ सालच्या त्या जपानी बालिकेला या कायद्याखाली असे अडकून पडावे लागले नसते. मूल कोणाचे, हा प्रश्न ते पोटात येण्यापूर्वीच सुटलेला असता. हे श्रेय कायद्याला दिलेच पाहिजे.

एका अर्जातील एका उपकलमाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. २०२२ च्या नियमांना जोडलेला नमुना क्रमांक २ हा सरोगेट मातेच्या संमतीचा व कराराचा कागद आहे. १४ मार्च २०२३ रोजी केंद्र शासनाने त्यात बदल करून दोन्ही बीजे दांपत्याचीच हवीत, दात्याचे बीज चालणार नाही, असे ठरविले. जन्मतःच गर्भाशय नसलेल्या अथवा स्त्रीबीज तयार न होणाऱ्या स्त्रिया न्यायालयात गेल्या. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम पुन्हा बदलला. वैद्यकीय कारण असल्याचे जिल्हा मंडळाने प्रमाणित केल्यास एक बीज दात्याचे चालेल, दुसरे मात्र दांपत्यापैकी एकाचे हवे. अकरा महिन्यांत दोन वेळा बदललेले ते कलम कोणाचे मूल कोणाचे ठरणार हे ठरवीत होते, आणि ते बसले होते एका छापील नमुन्यात.

संमती केव्हा संपते?

आता ज्या मुद्द्यापाशी आम्ही वाचता वाचता थांबलो, तो सांगतो.

कायदा म्हणतो, की सरोगेट मातेला सर्व ज्ञात दुष्परिणाम तिला समजेल अशा भाषेत सांगून तिची लेखी संमती घेतली पाहिजे. ही संमती तिला मागे घेता येते. परंतु भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वीच. त्यानंतर तिचे मन बदलले तर कायद्यात त्याला जागा नाही. चौथ्या महिन्यात पोटातील हालचाल जाणवली, बाळंतपणानंतर बाळ छातीशी आले आणि ते सोडवेना, तर तिने काय करावे याविषयी कायदा काहीच बोलत नाही. त्याच्या दृष्टीने तो प्रश्न नऊ महिन्यांपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर निकाली निघालेला असतो.

याच्या शेजारी आपल्याच देशाचा दुसरा कायदा ठेवून पाहा. बालन्याय अधिनियम २०१५ अन्वये एखादी असहाय माता आपले मूल दत्तक देण्यासाठी बालकल्याण समितीच्या स्वाधीन करते, तेव्हा कायदा तिला निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी दोन महिन्यांचा अवधी देतो. या दोन महिन्यांत ती परत आली तर तिला तिचे मूल मिळू शकते. इंग्लंडमध्ये सरोगसीला मुभा आहे. पण तेथेही जन्मानंतर सहा आठवडे उलटण्यापूर्वी सरोगेट मातेने दिलेली पालकत्वाची संमती ग्राह्य धरली जात नाही. बाळंतिणीच्या मनाला वेळ लागतो, हे या दोन्ही कायद्यांनी ओळखले. आपल्या सरोगसीच्या कायद्याने ते ओळखलेले नाही.

यावर उत्तर देता येईल, आणि ते उत्तर पोकळ नाही. मूल अनुवंशाने दांपत्याचे आहे. सरोगेट मातेला मन बदलण्याची मुभा दिली तर पुन्हा एक बालक दोन घरांच्या मध्ये लोंबकळत राहील. हे खरे आहे. म्हणजे एकतर बाळाची निश्चिती राखायची आणि त्यासाठी बाळंतिणीचे मन गृहीत धरायचे, किंवा तिला अवकाश द्यायचा आणि बाळाला अनिश्चिततेत ठेवायचे. कायदा कितीही नेटका केला तरी या दोहोंपैकी एकाचे नुकसान होते. आमच्या मते हा दोष मसुदा लिहिणाऱ्यांचा नाही. ज्या कराराची आखणी करण्यास त्यांना सांगितले गेले, त्या करारातच तो आहे.

दुसरी गोष्ट परोपकाराची. २०१६ च्या विधेयकात सरोगेट माता दांपत्याची जवळची नातेवाईक असावी अशी अट होती. संसदेच्या स्थायी समितीने २०१७ साली तिला आक्षेप घेतला. आपल्या कुटुंबव्यवस्थेत सून, जाऊ, नणंद यांच्यावर दडपण येईल, आणि कोणताही मोबदला न देता त्यांच्या देहाचा वापर होईल, असे तिचे म्हणणे होते. समितीचा उपाय आम्हांस मान्य नाही. तिने मोबदला देण्याची शिफारस केली होती. पण रोगाचे निदान अचूक होते. पुढे राज्यसभेच्या प्रवर समितीने २०२० मध्ये 'जवळची नातेवाईक' ऐवजी 'इच्छुक स्त्री' असा बदल सुचविला व तो कायद्यात आला. शब्द बदलला, घर तेच राहिले. इच्छुक स्त्री बहुतेक वेळा कोठे शोधली जाणार? बाहेरची स्त्री पैशाशिवाय नऊ महिने कशाला देईल?

मूत्रपिंड रोपणाचा अनुभव आपल्यासमोर आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांची विक्री बंद केली, परंतु नात्याबाहेरच्या व्यक्तीस 'प्रेम व जिव्हाळ्यापोटी' दान करण्याची वाट प्राधिकरण समितीच्या परवानगीने मोकळी ठेवली. त्या जिव्हाळ्याच्या नावाखाली पैशांचे व्यवहार झाल्याची प्रकरणे महाराष्ट्रातही उघडकीस आली. पैसा कागदावरून पुसला म्हणजे तो व्यवहारातून गेला असे होत नाही. आणि जेथे पैसा खरोखरच नसतो, तेथे त्याची जागा उपकार, ओशाळेपण, सासरचा शब्द यांनी घेतलेली असू शकते. गंमत अशी, की कायद्यालाही ही शंका आहे. बेकायदा सरोगसी आढळली तर पती, दांपत्य किंवा नातेवाईक यांनीच त्या स्त्रीवर सक्ती केली असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम त्यात आहे. मात्र सारे कागद नीट असले की ही शंका नाहीशी होते.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

२२ फेब्रुवारी १९८७ रोजी, भारतात या विषयावर शासनाने एक अक्षरही लिहिण्यापूर्वी, श्रद्धासिद्धांत मंडळाने 'दोनुम विताए' हे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात सरोगसीला स्पष्ट नकार आहे, आणि तो पैशापुरता मर्यादित नाही. आपल्या आईवडिलांच्या परस्परदानातून गर्भात यावे, त्यांच्याच मातेच्या उदरात वाढावे आणि त्यांच्याकडून लहानाचे मोठे व्हावे, हा मुलाचा हक्क आहे, अशी ही भूमिका आहे. येथे शब्द 'हक्क' असा आहे आणि तो मुलाकडे दिलेला आहे, ही बाब वाचकांनी लक्षात घ्यावी. मूल होण्याचा हक्क दांपत्याला आहे असे ख्रिस्तसभा म्हणत नाही; मूल हे देणे आहे, येणे नव्हे.

'दिग्नितास पेर्सोने' या २००८ च्या मार्गदर्शनाने भ्रूणांचा प्रश्न अधिक विस्ताराने मांडला. सरोगसीसाठी प्रयोगशाळेत सहसा एकाहून अधिक भ्रूण तयार केले जातात. उरलेले गोठविले जातात. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्याच कायद्यानुसार ते जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा संशोधनासाठी द्यायचे. भ्रूण हा मनुष्य आहे असे मानणाऱ्यास हे वाक्य सहज वाचून पुढे जाता येत नाही. धाकट्या जावेने पैसा न घेता, आनंदाने होकार दिला असला तरीही हा प्रश्न उरतोच.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ जानेवारी २०२४ रोजी राजदूतांसमोर केलेल्या भाषणात सरोगसीचा तीव्र निषेध करून तिच्यावर जगभर बंदी घालण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या 'दिग्नितास इन्फिनिता' या घोषणापत्रात मुलाच्या प्रतिष्ठेबरोबर त्या स्त्रीच्या प्रतिष्ठेचाही स्वतंत्र विचार आहे. आपल्या देहात वाढणाऱ्या बालकापासून तिला अलग केले जाते आणि ती दुसऱ्यांच्या इच्छेचे साधन बनते, असे ते म्हणते. मग ती सक्तीने आलेली असो वा स्वेच्छेने.

पवित्र शास्त्रात ही कथा फार जुनी आहे. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात निपुत्रिक साराय आपली मिसरी दासी हागार अब्रामाला देते, तिच्याद्वारे आपले घर उभे राहावे म्हणून. सर्व काही त्या काळच्या रीतीला धरून होते. घरात हागारेला कोणी तिच्या नावानेही हाक मारीत नाही. तिचा उल्लेख दासी असाच होतो. ती गर्भवती राहते, दोघींत वैर येते, छळ होतो, ती रानात पळते. तेथे देवदूत प्रथमच तिला नावाने हाक मारून, तू कोठून आलीस आणि कोठे चालली आहेस, असे विचारतो. हा अध्याय आम्ही अनेकदा शिकविला आहे. त्या संध्याकाळी तो आम्हांस आठवला नाही.

एक गोष्ट निःसंदिग्धपणे नोंदवितो. या मार्गाने जन्मलेल्या बालकावर कोणताही डाग नसतो. ते स्नानसंस्कारासाठी आले तर इतर कोणत्याही बालकाप्रमाणे त्याचे स्वागत व्हावे, आणि शेजाऱ्यांनी किंवा धर्मग्रामातील कोणीही त्याच्या जन्माची चौकशी करू नये.

आणि एक कबुलीही द्यावी लागेल. निरपत्य दांपत्यांना आपण सरोगसी नको म्हणून सांगतो, परंतु त्यांना आपण कसे वागवितो? लग्नाला वर्ष होत नाही तोच 'काही विशेष?' सुरू होते. बारशाला, पहिल्या पवित्र कम्युनियनच्या मेजवानीला त्यांना बोलावताना आपण अडखळतो, किंवा बोलावून त्यांच्याच देखत नवस सुचवितो. प्रवचनांतून आम्ही धर्मगुरूही मातृत्वाचे असे काही गोडवे गातो, की मूल नसलेल्या स्त्रीला चर्चच्या बाकावर बसणे जड व्हावे. त्यांच्या फाईलची जाडी पुष्कळदा आपल्या बोलण्याने वाढलेली असते.

ख्रिस्तसभा सर्वच उपचारांना नकार देत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. पतिपत्नींच्या संबंधाची जागा न घेता त्याला साहाय्य करणारे उपचार, म्हणजे बंद नलिका मोकळी करणारी शस्त्रक्रिया, संप्रेरकांची औषधे, गर्भाशयाच्या आजारांवरील इलाज, पूर्णपणे स्वीकारार्ह आहेत. गर्भाशयच नसलेल्या स्त्रीला त्यांचा उपयोग नाही, हेही खरे. तिच्यापुढे दत्तकाचा मार्ग उरतो. त्याविषयीही जुन्या समजुती आपल्यात टिकून आहेत. ख्रिस्ती माणसाला मूल दत्तक घेता येत नाही, असे वडीलधारी मंडळी अजून सांगतात. एके काळी ते खरे होते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता असल्याने आपल्याला १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. २००० च्या बालन्याय कायद्याने व त्यातील २००६ च्या दुरुस्तीने हे चित्र बदलले. धर्म कोणताही असला तरी या कायद्याखाली दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. आज २०१५ च्या कायद्याखाली दत्तक मुलाला औरस अपत्याचे सर्व हक्क मिळतात. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते आणि अंतिम आदेश सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी देतात. प्रतीक्षा लांब असते, काही वर्षांचीही असते. कोणी 'ताबडतोब' मूल मिळवून देतो म्हणाले तर त्याच्यापासून दूर राहावे, मग तो कितीही श्रद्धाळू वाटो.

पवित्र मारियेच्या जन्मोत्सवाच्या नोव्हेनादरम्यान आम्ही त्या घरी गेलो. या वेळी धाकट्या जावेशी, तिच्या पतीच्या व थोरल्या जावेच्या संमतीने, ओटीवर बसून स्वतंत्र बोललो. तिने दिलेला होकार खोटा नव्हता. थोरल्या जावेने तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिचे सगळे केले होते, त्याची तिला जाणीव होती. कायदा, धर्म यांविषयी तिने काही विचारले नाही. तिची एकच अडचण होती. "फादर, बाळंतपणानंतर मला दूध येईल. बाळ शेजारच्या खोलीत रडेल. तेव्हा मी त्याला घ्यायचे की नाही, हे त्या कागदांत कुठे लिहिले आहे का?"

आम्ही अधिनियम पुन्हा काढून पाहिला. त्यात त्याविषयी एकही कलम नाही. तिला तसे सांगितले. ती तिघे पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत, आणि बोलण्याची सुरुवात तिने करावी असे ठरले आहे.